मेटालिकाच्या ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’मध्ये बेस ऐकूच येत नाही, तरी हा अल्बम इतका मोठा का मानतात?

बेस (खालचे सूर धरणारी गिटार) वाजवणाऱ्या माणसाला हा प्रश्न विचारणं म्हणजे दोन भावांपैकी एकाला शेताच्या बांधाबद्दल विचारणं. उत्तर मिळेल, पण एकाच बाजूचं मिळेल. तेवढं धरून वाचा.

आधी एक दुरुस्ती. मेटालिका या अमेरिकन मेटल बँडच्या या अल्बममध्ये बेस ‘नाही’ असं नाहीये. त्यांचा तेव्हाचा बेसिस्ट जेसन न्यूस्टेड यानं तो सगळा वाजवलाय, व्यवस्थित वाजवलाय, आणि मग मिक्सिंगमध्ये, म्हणजे वाद्यांचे आवाज कमीजास्त करून एकत्र बसवताना, तो दाबला गेलाय. पुढे गिटार हिरोसारख्या गेममधून एकेका वाद्याचे सुटे ट्रॅक बाहेर आले, तेव्हा लोकांनी बेस वर आणून स्वतःचे मिक्स केले. ते ऐका. पिकनं (तार छेडायच्या चकतीनं) कडक वाजवलेला, रिफला (गिटारच्या पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्याला) घट्ट चिकटलेला बेस आहे. अल्बमचा निर्माता फ्लेमिंग रासमुसेन यानंही त्या वाजवण्याची तारीफ केलेली आहे.

मग गेला कुठे? आधीचा बेसिस्ट क्लिफ बर्टन सप्टेंबर 1986 मध्ये स्वीडनमधल्या बस अपघातात गेला. महिन्याभरात न्यूस्टेड आला. ज्याच्या जागी आला तो साधा बेसिस्ट नव्हता, त्या बँडचं अर्धं संगीतशिक्षण त्यानं केलं होतं. बाकीच्यांनी आपला राग नव्या पोरावर काढला, टिंगल, छळ, सगळं. 1988 च्या सुरुवातीला लॉस एंजेलिसच्या वन ऑन वन स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं. न्यूस्टेडनं बेस वाजवला तेव्हा सोबत फक्त असिस्टंट इंजिनिअर. “हे इथे असं नको, तसं वाजव” म्हणायला बँडमधलं कुणी नाही, निर्माताही नाही. पुढे मिक्सिंग न्यूयॉर्क राज्यातल्या बेअर्सव्हिलला. तिकडे न्यूस्टेडही नाही, रासमुसेनही नाही. होते ते जेम्स हेटफिल्ड आणि लार्स उलरिक, एक ऱ्हिदम गिटारवाला आणि एक ड्रमर. आता तुम्हीच सांगा मिक्समध्ये काय वर येणार.

मिक्सिंग करणाऱ्या स्टीव्ह थॉम्प्सननं नंतर मुलाखतीत सांगितलंय की, बेस जेमतेम ऐकू येईल इतका खाली घे असं लार्सनं सांगितलं, आणि तितका घेतल्यावर म्हणाला, आता अजून खाली. याच थॉम्प्सनचा दुसरा किस्सा 2009 चा, मेटालिका रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये गेली तेव्हाचा. तिथे लार्सनं त्यालाच विचारलं, जस्टिसमधल्या बेसचं काय झालं रे?

हे वाचून मी हसलो नाही, कारण हे माझ्याबरोबर पुण्यात झालेलं आहे.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. इंजिनिअरिंग कॉलेजमधले आम्ही चौघे. मूड-आयला (आयआयटी मुंबईचा कॉलेज फेस्ट) आणि इतर फेस्टना पाठवायला डेमो हवा होता. वर्गणी काढून एक छोटा स्टुडिओ तासावर घेतला. एरवी तिथे भक्तिगीतं आणि निवडणुकीच्या जिंगल व्हायच्या. मालक काका सज्जन, पण मेटल म्हणजे काय हे त्यांना आमच्याकडूनच कळत होतं. माझे दोन्ही ट्रॅक पहिल्या फटक्यात झाले. काका म्हणाले, “हा मुलगा तालात आहे.” बास, तेवढी एक पावती.

मिक्सिंगच्या वेळी मी खाली चहा सांगायला गेलो. वर आलो तर आमचा गिटारवाला काकांच्या शेजारच्या खुर्चीत. कन्सोलवर प्रत्येक फेडरखाली (आवाज कमीजास्त करायची सरकती पट्टी) पांढऱ्या टेपवर स्केचपेननं नावं लिहिलेली होती. माझ्या नावाचा फेडर तळाशी, इतका की खालची टेप झाकली गेलेली. गिटारच्या दोन्ही फेडरना मात्र वर जायला जागा उरली नव्हती.

“अरे, बेस कुठाय?”

“आहे की. बेस ऐकू यायचा नसतो, जाणवायचा असतो.”

“मला जाणवत पण नाहीये.”

“जस्टिसमध्ये तरी कुठे आहे? तरी कल्ट आहे ना तो अल्बम?”

काकांनी एकदा माझ्याकडे, एकदा घड्याळाकडे बघितलं. तास संपत आला होता. डेमो तसाच गेला. कुठेही निवड झाली नाही. ती बेसमुळे झाली नाही असं मी म्हणत नाही. (म्हणतो.)

त्या “तरी कल्ट आहे ना”चं उत्तर त्या दिवशी नीट देता आलं नाही, म्हणून आज देतो. अल्बम मोठा झाला तो बेस दाबल्यामुळे नाही, बेस दाबूनही झाला. हा फरक गिटारवाल्यांच्या डोक्यात शिरत नाही. तो मोठा आहे त्यातल्या गाण्यांमुळे. ‘ब्लॅकन्ड’ची सुरुवात ऐका (त्या गाण्याच्या श्रेयात न्यूस्टेडचं नाव आहे बरं का). ‘वन’मध्ये हात, पाय, डोळे, कान सगळं गमावलेला सैनिक, आणि शेवटी डबल बेस ड्रमचा (हा बेस वेगळा, पायांनी वाजवायचे मोठे ड्रम) तो मशिनगनसारखा भाग. ‘टू लिव्ह इज टू डाय’मध्ये क्लिफचे उरलेले रिफ आणि त्याचे शब्द. नऊ गाणी, पासष्ट मिनिटं, ताल सतत बदलता. रेडिओवर फारसं न वाजता अमेरिकेत सहाव्या क्रमांकापर्यंत गेला, तोवरचा त्यांचा सगळ्यात वरचा क्रमांक. मग ‘वन’चा व्हिडिओ आला, त्यांचा पहिलाच, आणि एमटीव्हीनं बाकीचं केलं.

ग्रॅमीची गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे. 1989 ला हार्ड रॉक आणि मेटलला पहिल्यांदाच बक्षीस ठेवलं, मेटालिकानं त्याच मंचावर ‘वन’ वाजवलं, आणि बक्षीस गेलं जेथ्रो टलला. बासरीवाल्या बँडला! त्यावर मेटालिकानं अल्बमवर ‘ग्रॅमी हरलेले’ असं स्टिकर लावलं. माझ्या मते अल्बमच्या प्रसिद्धीला त्या पराभवानं जितका हात दिला तितका विजयानं दिला नसता.

तेव्हाही आवाजाबद्दल तक्रारी होत्या: कोरडा आहे, टिकटिक करणारी किक (पायानं वाजवायचा ड्रम) आहे, गाणी संपता संपत नाहीत. तक्रारी खऱ्या आहेत. बँडलाच नंतर ती लांबी जड झाली. 1991 च्या काळ्या अल्बमला (काळ्या कव्हरचा ‘मेटालिका’) त्यांनी निर्माता म्हणून बॉब रॉकला आणलं, गाणी आखूड केली आणि बेस वर आणला. ‘माय फ्रेंड ऑफ मिझरी’ तर न्यूस्टेडच्या बेसनंच उघडतं. तोच माणूस, तीच बोटं. म्हणजे दोष कुठे होता?

आता न्यायाला धरून दोन गोष्टी. हेटफिल्डचं म्हणणं असं की न्यूस्टेड त्याच्या गिटारचीच नक्कल वाजवायचा, त्यामुळे दोन्ही एकाच पट्ट्यात येऊन बेस गिळला जायचा. यात तथ्य आहे. त्याच्या गिटारचे मिड्स (आवाजाचा मधला पट्टा) कापलेले आणि खालचा भाग फुगवलेला, तिथे बेसनं राहायचं कुठे? शिवाय हेटफिल्ड आणि लार्स तेव्हा मॉन्स्टर्स ऑफ रॉक या दौऱ्याचे शो करत मध्येमध्ये मिक्सिंगला येत होते. स्टेडियममध्ये वाजवून आलेल्या कानांना काय ऐकू येणार? आणि मित्र जाऊन दोन वर्षंही झाली नव्हती, हेही खरं. पण 2018 ला रीमास्टर (आवाज नव्यानं साफ केलेली आवृत्ती) काढलं तेव्हा सगळे शांत होते, कान ताजे होते. तरी मूळ मिक्सला हात लावला नाही. इतिहास आहे तसा राहू द्यायचा, म्हणे. इतिहास कुणाच्या सोयीचा, ते मी सांगायला नको.

तुमचा प्रश्न बहुतेक ‘ऐकू की नको’ असा असावा. ऐका, पण ओळख म्हणून आधी त्यांचा याआधीचा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ ऐका, मग हा. नंतर ‘लाइव्ह शिट: बिंज अँड पर्ज’ या त्यांच्या लाइव्ह संचामधला 1989 चा सिएटलचा कार्यक्रम बघा. तीच गाणी, आणि न्यूस्टेड तिथे आहे. नुसता आहे नाही, ओरडतोय, मान हलवतोय, आणि ऐकू येतोय.

तुमचा स्वतःचा बँड असेल तर मिक्सिंगला चौघांनी बसा आणि चहा बाहेरून मागवा. गेल्या दिवाळीत आमचा गिटारवाला पुण्यात आला होता, आता चांगल्या नोकरीत आहे, पोट सुटलंय. कुणीतरी त्या डेमोची एमपीथ्री करून ग्रुपवर टाकली होती, ती गाडीत लावली. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर हा मला म्हणतो, “यात बेस फारच कमी वाटतो रे. तू तेव्हा बोलला का नाहीस?”