मी न घेतलेलं कर्ज माझ्या सिबिलमध्ये दिसतंय. आता काय करू?

घणसोलीतल्या फ्लॅटला टोकन दिलंत आणि बँक म्हणते तुमच्या नावावर पर्सनल लोन थकलंय, जे तुम्ही घेतलेलंच नाही. २०२२ मध्ये नौपाड्यात घर घेताना माझं अगदी हेच झालं. रक्कम किती, तर १४ हजार! तेवढ्यावर घरकर्ज अडलं.

स्कोअरकडे बघत बसू नका. ३०० ते ९०० मधल्या त्या आकड्यावरून नेमकं कुठे बिघडलंय ते कळत नाही. पूर्ण रिपोर्ट काढा. आपल्या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीला आपण सरसकट 'सिबिल' म्हणतो, पण एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा आणखी तीन कंपन्या आहेत. चौघींनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ पासूनचा नियम आहे. स्वतः रिपोर्ट काढला म्हणून स्कोअर पडत नाही (माझ्या मेव्हण्याला हे अजून पटलेलं नाही).

आधी एन्क्वायरीचा भाग वाचा. तुमचा रिपोर्ट कोणी, कधी, किती रकमेच्या कर्जासाठी मागवला ते तिथे दिसतं. मग पत्ते आणि मोबाइल नंबर बघा. माझ्या नावापुढे भिवंडीचा एक पत्ता होता, जिथे मी आयुष्यात राहिलेलो नाही. पॅनची झेरॉक्स कुठून गेली कोण जाणे. भाड्याच्या घरांसाठी एजंट लोकांना मीच ढिगाने वाटल्या होत्या.

रिपोर्टवाल्या कंपनीकडे ऑनलाइन डिस्प्यूट, म्हणजे नोंद चुकीची असल्याची तक्रार टाका, त्याला पैसे लागत नाहीत. पण कर्ज देणाऱ्या संस्थेने दुजोरा दिल्याशिवाय ती नोंद बदलत नाही. म्हणून त्याच दिवशी त्या संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा: कराराची प्रत, केवायसीचे कागद आणि पैसे ज्या खात्यात जमा केले त्याचा नंबर मला द्या, अशी मागणी करा. माझं काम त्या खाते नंबरामुळेच झालं. खातं माझं नव्हतं, मग पुढे बोलायला त्यांच्याकडे काही उरलं नाही. १९३० या हेल्पलाइनवर सायबर तक्रार करून तिची प्रतही जोडा.

वसुलीवाला फोन करून म्हणेल, "साहेब, पाच हजार भरा, सेटल करून टाकू." अजिबात भरू नका. भरलंत की कर्ज तुमचंच होतं असं दिसतं, आणि वर रिपोर्टमध्ये 'सेटल्ड' हा शेरा बसतो, जो पुढच्या बँकेला थकबाकीइतकाच खुपतो. स्टेशनबाहेर 'सिबिल दुरुस्त करून मिळेल' अशी पत्रकं वाटणाऱ्यांनाही पैसे देऊ नका, ते हाच डिस्प्यूट टाकतात.

निकालाला मुदत ३० दिवस. एप्रिल २०२४ पासून त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. माझ्या वेळी हा नियम नव्हता, अडीच महिने गेले. तरीही हलले नाहीत तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते.

यापुढे झेरॉक्सवर आडवं कारण आणि तारीख लिहून सही करा, आधार मास्क केलेलंच (पहिले आठ आकडे झाकलेलं) द्या, आधारचं बायोमेट्रिक लॉक ठेवा. आणि एक नोंद साफ झाली की बाकीचे तिन्ही रिपोर्टही काढून बघा; माझं एका ठिकाणी निघालं, दुसरीकडे तसंच राहिलं होतं.

तोवर टोकनची मुदत मालकाकडून आजच लेखी वाढवून घ्या.