जेवणाच्या सुट्टीनंतर क्लायंटचं कनेक्शन तुटतं: दोष सॉफ्टवेअरचा की नेटवर्कचा?

तुमचा प्रश्न मला असा कळला: ऑफिस कोल्हापूरच्या शाहूपुरीत, फौंड्री शिरोली एमआयडीसीत. मायएसक्यूएलचा डेटाबेस शाहूपुरीच्या विंडोज सर्व्हरवर, दोन्हीकडे फायरवॉल आणि मध्ये व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून दोन जागा जोडणारा खासगी रस्ता. शाहूपुरीतल्या मशीनवर काहीच त्रास नाही. शिरोलीचा डिस्पॅचवाला मात्र जेवून येऊन चलन सेव्ह करायला गेला की स्क्रीन अडकते, अर्ध्या मिनिटाने '२०१३, लॉस्ट कनेक्शन' येतं, आणि प्रोग्रॅम बंद करून उघडला की परत सुरळीत. सॉफ्टवेअरवाला नेटवर्ककडे बोट दाखवतो, नेटवर्कवाला पिंग (पलीकडचं मशीन उत्तर देतं का ते बघणारी चाचणी) लावून दाखवतो आणि हात वर करतो.

उद्यमनगर आणि शिरोलीच्या कारखान्यांची नेटवर्कं सांभाळणं हेच माझं काम असल्यामुळे ही भांडणं रोजचीच आहेत. पिंग चालतोय एवढ्यावरून नेटवर्कवाल्याची सुटका होत नाही. पिंगचं प्रत्येक पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, सुटं असतं. तुमचा प्रोग्रॅम सकाळी सर्व्हरशी एक टीसीपी कनेक्शन, म्हणजे सलग चालू राहणारी जोडणी, उघडतो आणि तेच संध्याकाळपर्यंत वापरतो. रस्ता ठणठणीत असूनही ते एक कनेक्शन मेलेलं असू शकतं. वाटेतल्या पुलाजवळ फायबर तुटली तर फोन, मेल, सगळंच बंद पडेल. डिस्पॅचवाल्याचं एकट्याचं चलन अडकणार नाही.

'जेवून आल्यावर' हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं, कारण निम्मं उत्तर त्यातच आहे. फायरवॉल म्हणजे कंपनीच्या गेटवरचा वॉचमन समजा. आत-बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कनेक्शनची नोंद त्याच्या वहीत असते, आणि ठरावीक वेळ हालचाल दिसली नाही की तो ती नोंद खोडतो. खोडल्याचं तो ना क्लायंटला, म्हणजे शिरोलीच्या मशीनला, सांगतो ना सर्व्हरला. दोघांनाही कनेक्शन जिवंतच वाटत असतं. जेवून आल्यावर 'सेव्ह' दाबलं की पॅकेट निघतं, वहीत नोंद नाही म्हणून फायरवॉल ते गुपचूप टाकून देतं. विंडोज तेच पॅकेट थोडं थोडं थांबून पुन्हा पुन्हा पाठवतं आणि शेवटी नाद सोडतं. तुमचं ते अडकलेलं अर्धं मिनिट हेच.

एरर नंबरही तेच सांगतो. सर्व्हरने स्वतःहून कनेक्शन बंद केलं असतं, म्हणजे मायएसक्यूएलची 'वेट टाइमआउट' (निवांत कनेक्शन किती वेळ ठेवायचं ती मर्यादा) संपली असती, तर २००६, 'सर्व्हर हॅज गॉन अवे', किंवा नव्या आवृत्त्यांत ४०३१, आणि तोही बटण दाबल्या दाबल्या आला असता. ती मर्यादा मुळात २८,८०० सेकंद म्हणजे ८ तास असते. कुणी कमी केली नसेल तर जेवणाच्या सुट्टीत संपायचं कारण नाही. तरी एकदा बघून घ्या, कनेक्शन फार झाली म्हणून ती ६०० सेकंदांवर आणून ठेवणारे लोक मी पाहिलेत.

आता पैसे न घालता करायची चाचणी. शिरोलीच्या मशीनवर प्रोग्रॅम उघडा, एक नोंद सेव्ह करा, पाच मिनिटं हात लावू नका, मग पुन्हा सेव्ह करा. चाललं तर दहा मिनिटं, मग वीस, मग चाळीस. दर वेळी एका ठरावीक मर्यादेच्या पुढेच तुटत असेल, समजा १५ किंवा ३० मिनिटं, तर तो आकडा कुणीतरी कुठेतरी टाकलेला आहे. केबल किंवा स्विच खराब असेल तर तो घड्याळ बघून बिघडत नाही. मात्र चाचणीआधी त्या मशीनची स्लीप बंद करा, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या 'पॉवर मॅनेजमेंट'मधली वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करू देणारी खूण काढा. नाहीतर दोन रोग एकमेकांत मिसळतील.

आकडा पक्का आला नाही, कामाच्या मधेच कधीही तुटतंय, तर फौंड्रीतली वीज बघा. भट्टीचा लोड चढतो-उतरतो तसा दिवा मिचमिचतो. कॉम्प्युटर यूपीएसवर असतो, पण भिंतीवरचा आठ पोर्टचा स्विच आणि फायबरचा डबा साध्या प्लगवर. स्विच क्षणभर झोपतो, उठतो, कुणाच्या लक्षात येत नाही. फायरवॉलच्या लॉगमध्ये 'लिंक डाउन, लिंक अप' अशा जोड्या दिसल्या की समजायचं. शेडमध्ये १०० मीटरच्या पुढे तांब्याची केबल ओढली असेल तर तीही आधी काढा.

आणि छोटी चलनं जातात पण मोठा रिपोर्ट नेमका अडकतो असं असेल, तर तो पॅकेटच्या आकाराचा, म्हणजे एमटीयूचा (एका पॅकेटच्या कमाल आकाराचा) प्रश्न. व्हीपीएनवर तो नेहमीचा आहे. तुमची लक्षणं तशी दिसत नाहीत.

भांडण कायमचं मिटवायचं असेल तर वायरशार्क (येणारी-जाणारी पॅकेटं टिपणारा प्रोग्रॅम) दोन्ही टोकांना एकाच वेळी लावा, दोन्ही मशीनची घड्याळं आधी जुळवून. शिरोलीतून निघालेलं पॅकेट शाहूपुरीला पोचलंच नाही, तर मधल्याने खाल्लं. काही फायरवॉल पॅकेट गुपचूप न टाकता रिसेट, म्हणजे 'कनेक्शन तोडा' असं पॅकेट, पाठवतात, तेही सर्व्हरच्या नावाने. तेव्हा स्क्रीन अडकत नाही, कनेक्शन लगेच तुटतं आणि विंडोज १००५४ दाखवतं. खरं कोणी पाठवलं ते टीटीएलवरून, म्हणजे प्रत्येक पॅकेटवर लिहिलेल्या मोजणीच्या आकड्यावरून, ओळखा. विंडोजचं पॅकेट १२८ ने सुरू होतं आणि वाटेतल्या प्रत्येक राउटरवर एकाने घटतं. सर्व्हरची बाकी पॅकेटं १२६ ने येत असताना रिसेट तेवढं ६३ किंवा २५४ ने आलं, तर ते सर्व्हरचं नव्हे. हा एक स्क्रीनशॉट पाठवला की मीटिंगा आपोआप थांबतात.

उपाय दोन बाजूंनी करा. फायरवॉलच्या शिरोली-शाहूपुरी नियमात (पॉलिसीत) डेटाबेसच्या ३३०६ पोर्टपुरती आयडल मर्यादा, म्हणजे हालचाल नसताना नोंद ठेवायची वेळ, वाढवा, दोन्ही फायरवॉलवर. एकावर बदलून दुसरा विसरणं हा नेहमीचा घोळ. दुसरं, कीपअलाइव्ह, म्हणजे काम नसतानाही कनेक्शन जिवंत ठेवायला अधूनमधून जाणारं छोटं पॅकेट. १९८९ च्या आरएफसी ११२२ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) त्याची मूळ वेळ दोन तासांपेक्षा कमी नको असं ठरवलं आणि विंडोज आजही दोन तासच धरतं. २००८ च्या आरएफसी ५३८२ ने नॅट करणाऱ्या, म्हणजे आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलणाऱ्या, डब्यांना सांगितलं, चालू कनेक्शनची नोंद किमान २ तास ४ मिनिटं ठेवा. दोघांनी नियम पाळले तर प्रश्नच नाही. पण बाजारातले किती तरी डबे पाळत नाहीत.

मायएसक्यूएल आपल्या कनेक्शनवर कीपअलाइव्ह चालू करतं, फक्त वेळ विंडोजची घेतं. म्हणून सर्व्हरच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात), टीसीपीआयपीच्या पॅरामीटर्समध्ये 'कीपअलाइव्हटाइम' ही नोंद मिलिसेकंदांत करा. तुमचा आकडा १५ मिनिटं आला तर ३,००,००० म्हणजे पाच मिनिटं पुरेत. मग सर्व्हर रीस्टार्ट, आणि रजिस्ट्रीचा बॅकअप आधी. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांना हा त्रास कमी का होतो, तर तो मुळातच ३० सेकंदांनी कीपअलाइव्ह पाठवतो.

आता सॉफ्टवेअरवाल्याकडे. तोही धुतल्या तांदळासारखा नाही. कनेक्शन असं मेलं की सर्व्हरला पत्ता नसतो, मायएसक्यूएलमध्ये 'शो प्रोसेसलिस्ट' (चालू कनेक्शनची यादी) मारलं तर शिरोलीचं जुनं कनेक्शन 'स्लीप' म्हणून पडलेलं दिसेल. प्रोग्रॅमने चलन उघडतानाच ट्रान्झॅक्शन (कमिट होईपर्यंत अपुरा राहणारा बदल) सुरू करून ती नोंद आपल्यापुरती अडवून (लॉक करून) ठेवली असेल, तर ते लॉकही तसंच राहतं. मग शाहूपुरीत कुणी तेच चलन दुरुस्त करायला गेलं की ५० सेकंद थांबून १२०५, 'लॉक वेट टाइमआउट'. तात्पुरतं ते कनेक्शन 'किल' करा. पण माणूस जेवायला गेला असताना ट्रान्झॅक्शन उघडं ठेवणं ही लिहिणाऱ्याची चूक आहे, ती नेटवर्कवर ढकलू देऊ नका.

'ऑटो रीकनेक्ट (तुटलं की आपोआप पुन्हा जोडणं) टाकून देतो' असं तो म्हणाला तर एक प्रश्न विचारा. कमिट (बदल पक्का करण्याचा हुकूम) पाठवलं, सर्व्हरने ते केलंही, आणि उत्तर येताना कनेक्शन तुटलं, तर प्रोग्रॅम काय करणार? नुसतं पुन्हा पाठवलं तर एकाच मालाची दोन चलनं निघतील आणि ट्रक तर एकच गेलेला असेल. फॉर्म उघडतानाच चलनाला एक वेगळा क्रमांक द्यायचा, टेबलात त्यावर युनिक इंडेक्स (तोच क्रमांक दोनदा न घेणारा नियम) लावायचा, म्हणजे दुसऱ्यांदा आलेली नोंद सर्व्हरच नाकारतो. हे काम त्याच्याकडून लेखी कबूल करून घ्या, मगच रीकनेक्टला हो म्हणा.