मोरचुदाच्या द्रावणातलं जस्त

प्रश्न : आयनीभवन ऊर्जा (अणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा) जितकी कमी, तितका धातू जास्त क्रियाशील, असं आम्ही शिकलो. पण तक्त्यात तांब्याची 745 आहे आणि जस्ताची 906 किलोज्यूल प्रति मोल. मग मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणातून जस्त तांब्याला बाहेर कसं काढतं? वर्गात विचारलं, तर ‘अपवाद आहे, लक्षात ठेव’ एवढंच उत्तर मिळालं.
– अकरावीतली विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : दोन तक्ते शेजारी ठेवून तू हे ताडलंस, याचा मला फार आनंद झाला. अपवाद म्हणून मात्र पाठ करू नकोस. सोडियम 496, पोटॅशियम 419 आणि पाण्यात पोटॅशियम जास्त भडकतं, तिथे तुझा नियम नीट चालतो. एकाच घरातली भावंडं आहेत ती, दोघंही एकेकच इलेक्ट्रॉन देतात.

906 हा आकडा वायुरूपातल्या सुट्या अणूचा, तोही पहिल्याच इलेक्ट्रॉनचा. तुझ्या हातातलं जस्त घन आहे आणि ते दोन इलेक्ट्रॉन देतं. म्हणून हिशेब पहिल्यापासून मांडू. धातूतून अणू सुटा करायला जस्ताला 131 लागतात, तांब्याला 338. तांब्याचे अणू एकमेकांना फार घट्ट धरून असतात. जस्त 420 अंशांना वितळतं, तांबं थेट 1085 ला. पहिला इलेक्ट्रॉन तांब्याला स्वस्त, हे तू पाहिलंसच. दुसरा मात्र महाग : तांब्याला 1958, जस्ताला 1733. आता बेरीज कर. जस्त 2770, तांबं 3041. फरक 271. त्यातले पन्नासेक तांब्याचा आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला अणू, पाण्यात जाताना भरून काढतो, कारण पाण्याचे रेणू त्याला थोडे जास्त घट्ट बिलगतात. तरी जस्ताच्या बाजूने सुमारे 217 उरतातच.

हे 217 उष्णता म्हणून हाताला जाणवतात. शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोर, 100 मिली पाण्यात 5 ग्रॅम मोरचूद विरघळव. भांडं काचेचं घे. स्टीलचं नको, त्यात लोखंड असतं आणि तेही तांब्याला बाहेर काढतं. तापमापी ठेवून 3 ग्रॅम जस्ताची भुकटी टाक आणि ढवळत राहा. निळा रंग ओसरतो, तळाशी तपकिरी-काळपट गाळ बसतो, तेच तांबं. पारा आठ-दहा अंश चढतो. मोरचूद विषारी आहे, हात साबणाने धू. किती अंश चढला ते मला नक्की कळव.