कोल्टची घट्ट बसण आणि स्मिथ अँड वेसनचा टिकाऊपणा

प्रश्न : मी भुसावळ येथे टर्नर म्हणून काम करून निवृत्त झालो आहे. जुन्या डबल ॲक्शन (एकाच ओढीत चाप घोड्याला मागे नेऊन सोडतो अशा) रिव्हॉल्व्हरांबद्दल लिहिताना जाणकार कोल्ट या अमेरिकी कंपनीची घडण सरस मानतात, मात्र टिकाऊपणाचा मान स्मिथ अँड वेसन या दुसऱ्या अमेरिकी कंपनीला देतात. हा फरक नावलौकिकाचा आहे की आतील रचनेचा?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : फरक रचनेचाच आहे, आणि आपला हात लेथवर बसलेला असल्यामुळे तो आपल्याला लवकर पटेल. कोल्टचे पायथन आणि स्मिथ अँड वेसनचे कॉम्बॅट मॅग्नम (१९५७ पासून मॉडेल १९) ही .३५७ मॅग्नम काडतुसाची दोन्ही रिव्हॉल्व्हरे १९५५ सालीच आली, म्हणून तुलना त्यांचीच करू. कोल्टचे हार्टफर्ड आणि स्मिथ अँड वेसनचे स्प्रिंगफील्ड ही कारखान्यांची गावे एकमेकांपासून जळगाव-भुसावळपेक्षा थोड्याच जास्त अंतरावर आहेत. यंत्रे मात्र अक्षरशः उलट दिशांनी फिरतात.

मागून पाहिल्यास कोल्टचे सिलिंडर (काडतुसे ठेवायचे फिरते नळकांडे) घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते आणि फिरता फिरता स्वतःला फ्रेममध्ये दाबत जाते. स्मिथ अँड वेसनचे उलट फिरते, आणि दोन्हींचे सिलिंडर डावीकडेच उघडत असल्यामुळे तेथे हा जोर बाहेरच्या बाजूला लागतो. म्हणून त्या कारखान्याने मागच्या पिनीखेरीज पुढे, रिकामी काडतुसे ढकलणाऱ्या दांड्याच्या टोकालाही अडकण दिली. कोल्टला मागची एकच पुरली.

खरी मेख पुढे आहे. चाप पूर्ण ओढलेला असताना कोल्टमध्ये सिलिंडर फिरवणारी खिट्टी त्याला खाचेतल्या अडसरावर दाबून धरते, त्यामुळे गोळी सुटण्याच्या क्षणी सिलिंडरात जवळजवळ काहीच प्ले (मोकळी हालचाल) उरत नाही. अचूकतेच्या दृष्टीने हे उत्तमच आहे. परंतु प्रत्येक बाराचा ताण त्याच खिट्टीवर येतो, ती झिजते, आणि मग टायमिंग, म्हणजे सिलिंडर नेमक्या क्षणी नळीसमोर येऊन अडकणे, पुन्हा जुळवायला कसलेला कारागीर लागतो. स्मिथ अँड वेसनने किंचित प्ले राहू दिला आणि झीज कमी करून घेतली.

चापातही असेच आहे. कोल्टमध्ये घोड्याला (काडतुसावर आघात करणाऱ्या भागाला) जोर देणे आणि चाप परत आणणे ही दोन्ही कामे एकाच व्ही आकाराच्या पट्टीच्या स्प्रिंगकडे असतात, म्हणून ओढ शेवटाकडे जड होत जाते. स्मिथ अँड वेसनमध्ये घोड्याला पट्टीची आणि चापाला गुंडाळीची, अशा स्वतंत्र स्प्रिंगा आहेत. त्यामुळे ओढ अखेरपर्यंत सारखी लागते, आणि सलग बार काढताना हात कमी हलतो.

पायथनचे हाताने केलेले पॉलिश आणि त्यावरची गडद निळाई यांवर माझे मनापासून प्रेम आहे. तरीही रोजच्या कामाला मी मॉडेल १९ च निवडीन. २०२० मध्ये पायथन पुन्हा बाजारात आणताना कोल्टनेही आतील सुट्या भागांची संख्या कमी केली आणि जुन्या व्ही स्प्रिंगेऐवजी यू आकाराची पट्टी बसवली.