जळगावला घरभरणीला जायचंय, पारंपरिक भेट काय न्यावी?

तुम्ही रत्नागिरीच्या. तुमच्या यजमानांच्या मित्राने जळगावला घर बांधलंय, घरभरणीचं आमंत्रण आलंय, आणि शोकेसमध्ये ठेवायची वस्तू न नेता तिकडच्या रीतीचं काहीतरी न्यायचंय, असा तुमचा प्रश्न. मी अमळनेरची, सासर जळगावचं, म्हणून उत्तर देते.

पहिलं म्हणजे कपडे नेऊ नका. साडी नको, शर्टपीसही नको. आमच्याकडे कपडा हा नात्यातला आहेर. घरभरणीचा मोठा आहेर घरच्या बाईच्या माहेरून येतो. भाऊ बहिणीला साडी, दाजींना पोशाख आणि टोपी, भाच्यांना कपडे असं सगळं घेऊन येतो. हौशी माहेर असेल तर वाजत-गाजत येतं. बऱ्याच घरांत जोडपं तेच कपडे घालून पूजेला बसतं. त्यानंतर सोयरे, मग भाऊबंद. कोणी काय दिलं ते वहीत लिहून ठेवतात आणि देणाऱ्याच्या घरी कार्य निघालं की वही उघडून तेवढ्याच तोलाचं परत करतात. तुम्ही हौसेने भारी साडी दिलीत तर ती बाई रत्नागिरीला परतीचा आहेर कधी आणि कसा पोचवायचा या विचारात पडेल. मित्रमंडळींनी वहीत न बसणारं काहीतरी द्यावं, हे माझं साधं गणित.

भांडी देण्याची पद्धत जुनी आहे. आधी तांब्या-पितळेची, मग स्टीलची, वर देणाऱ्याचं नाव आणि तारीख कोरून. आमच्या घरात अजून अशी पातेली आहेत ज्यांच्यावरची माणसं कोण होती हे सासूबाईंनाच ठाऊक. पण आता कोणाला भांड्यांची वानवा नाही. भिंतीवरचं घड्याळ आणि गणपतीची फ्रेम तर नकोच. ती कागदासकट कपाटात जाते आणि पुढच्या घरभरणीला बाहेर पडते.

मला विचाराल तर बडगी द्या. भरीत ठेचायचं लाकडी भांडं असतं ते, सोबत लाकडी मुसळी. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कौतुक सगळे करतात, पण नव्या घरांत भरीत मिक्सरमधून काढतात आणि त्याची चटणी होते. भाजलेली वांगी, हिरवी मिरची आणि लसूण बडगीतच ठेचायला हवेत. तुम्हाला रत्नागिरीत मिळायची नाही. मित्राच्याच कोणा नातेवाइकाला गुपचूप सांगून जळगावात घेऊन ठेवा. बडगी नवी असेल तर चांगली धुऊन वाळवून, आतून तेलाचा हात फिरवून द्या.

खापर, म्हणजे मांडे भाजायचं मातीचं भांडं, मात्र घेऊ नका. खापरावरचे मांडे ही आमची शान खरी, पण ते हातावर वाढवायला यावे लागतात आणि त्याला चूल लागते. बंगल्यातल्या ओट्यावर ते खापर शोभेलाच राहील.

दुसरं, धान्य. नव्या घरात भरल्या डब्यांनी जावं असं म्हणतात, त्यामुळे धान्याला कोणी नाही म्हणत नाही. थैलीभर दादर ज्वारी आणि थोडे अख्खे काळे उडीद द्या. ती दोन्ही एकत्र दळली की कळण होतं, आणि कळण्याची भाकरी खान्देशी माणसाला कधीही चालते. महिनाभरात संपेल, कोणावर ओझं नाही. ओटीसाठी वेगळं काही आणू नका. आमच्याकडे ओटीत गहू घालतात, ते घरातच असतात.

आणि तुमच्या गावचं काही न्यायचं असेल तर असोले नारळ न्या. हे माझं खास आवडतं. आमच्या स्वयंपाकात सुकं खोबरं भरपूर, पण नारळाचं झाड दारात असलेलं घर क्वचितच. तुमच्या वाडीतले नारळ आहेत म्हटल्यावर ते पूजेतच बसतील.

समारंभ उन्हाळ्यात असेल तर माठ सुचेल तुम्हाला. तारीख बघा. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, पितरांच्या नावाने घागर भरतात. त्या आठवड्यात नव्या घरात मातीचं भांडं घेऊन गेलात तर थोरल्या बायका एकमेकींकडे बघतील. सुरी-कात्रीही देत नाहीत, पण ते तुमच्याकडेही असेलच.

पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापलेलं असलं तरी नारळ न्यायला हरकत नसते. पाकीट द्यायचंच झालं तर वर एक रुपया ठेवून, १०१ किंवा ५०१. जोडपं पूजेला बसलेलं असताना हातात काही देऊ नका, उठल्यावर घरच्या बाईला द्या. जेवण बहुतेक वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्यांच्या भाजीचं असेल. बट्टी कुस्करून त्यावर वरण घ्यायचं, आणि तूप वाढायला येतील तेव्हा लगेच हात आडवा करू नका, तो रुसव्याचा विषय होतो.