पुण्यात वॉटर स्कीइंगसाठी वापरलेली इनबोर्ड बोट घ्यायची आहे, काय तपासावं?

तुम्ही लिहिलंय की तिघं मित्र मिळून गोव्यातली एक १९९० च्या दशकातली इनबोर्ड स्की बोट घ्यायच्या विचारात आहात. ५.७ लिटरचं व्ही-८ पेट्रोल इंजिन, मीटरवर सहाशे तास, फोटोत चकाचक, आणि ती पुण्याजवळच्या एखाद्या धरणात चालवायची आहे. भोसरीत माझं छोटं मशीन शॉप आहे. ओळखीतल्यांच्या अशाच एका बोटीचं शाफ्टचं आणि इंजिनचं काम माझ्याकडे असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पाणी ठरवा. बोट नंतरही मिळेल. इनबोर्ड म्हणजे इंजिन बोटीच्या आत. तिचा पंखा (प्रोपेलर), त्याला धरणारा स्ट्रट आणि मागचं रडर, म्हणजे सुकाणू, हे सगळं तळाखाली कायमचं बसवलेलं असतं. मागे बाहेर इंजिन लटकवलेल्या आउटबोर्डसारखा पाय वर उचलून काठाला लागता येत नाही. नुसतं तरंगायलाच तिला साधारण दोन फूट पाणी लागतं. आणि आपली धरणं उतरती असतात. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चारही मिळून सुमारे २९ टीएमसी. पावसाळ्यात भरतात, मग शहराला आणि दौंड-इंदापूरच्या कालव्याला पाणी सुटत राहतं, आणि मे महिन्यात काठ कुठल्या कुठे गेलेला असतो. उजनीत पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं. तसेच बांध, विहिरींचे कठडे, घरांची जोती, झाडांची खुंटं पाण्याखाली जागोजागी आहेत. त्यामुळे जे धरण मनात आहे तिथे मे महिन्यात पायी फिरा. जिथे जिथे खडक किंवा बांधकाम दिसेल तिथे उभं राहून मोबाईलवर जागेची खूण करून ठेवा. हा नकाशा तुम्हाला कोणी विकत देणार नाही, आणि एक वाकलेला शाफ्ट वाचला तरी ती पायपीट वसूल झाली.

सरळ पाणी किती मिळतंय तेही बघा. स्लॅलमचा, म्हणजे बोयांना वळसे घालत स्की करायचा, कोर्स २५९ मीटरचा असतो, शिवाय दोन्ही टोकांना वेग घ्यायला आणि वळायला जागा हवी. सहा-सातशे मीटरचा सरळ, खोल पट्टा असेल तर मजा आहे. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा सुटला की पाणी खडबडीत होतं, म्हणून सकाळी लवकर पोचता येईल असंच ठिकाण निवडा.

परवानगीचं लेखी घ्या, तोंडी 'चालतं हो' वर जाऊ नका. धरण जलसंपदा विभागाचं असेल तर त्यांच्याकडून, मुळशीसारखं टाटा पॉवरचं असेल तर त्यांच्याकडून. खडकवासला आणि पवना ही पिण्याच्या पाण्याची धरणं आहेत, तिथे पेट्रोल इंजिनाची बोट म्हटल्यावर प्रश्न विचारले जाणारच, आणि ते रास्त आहेत. २०२१ च्या इनलँड व्हेसल्स कायद्याखाली यांत्रिक बोटीला नोंदणी, सर्व्हे आणि विमा लागतो. आपल्याकडे हे काम महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे आहे. विकणाऱ्याकडून गोव्याच्या कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडची नोंदणी मागा, आणि बोट बाहेरून आलेली असेल तर कस्टम्सची बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कागदही. ती नसेल तर तिथेच थांबा, बोट कितीही चांगली असली तरी. अमेरिकन बोटीच्या मागच्या फळीवर उजवीकडे वर बारा अक्षर-अंकांचा हल नंबर कोरलेला असतो. १९८४ नंतरच्या बोटीत त्याचे शेवटचे दोन अंक मॉडेलचं वर्ष सांगतात. कागदावरच्या वर्षाशी ते जुळवून बघा.

एवढा त्रास असताना इनबोर्डच का, असं कोणी विचारलं तर उत्तर पाण्यात दिसतं. डायरेक्ट ड्राइव्ह बोटीत इंजिन मधोमध असतं, दोर बांधायचा पायलॉनही मधेच. खेळाडूने जोर लावला तरी बोटीचं शेपूट ओढलं जात नाही, ती सरळ जाते. मागे उठणारी लाट बसकी राहते, आणि पंखा तळाखाली असल्यामुळे पाण्यात पडलेल्या माणसापासून लांब असतो. स्की बोटींतली नावाजलेली करेक्ट क्राफ्ट कंपनीची स्की नॉटिक १९६१ पासून आणि मास्टरक्राफ्ट १९६८ पासून याच मांडणीवर उभ्या आहेत. पुरुषांच्या स्लॅलमला बोट ताशी ५८ किलोमीटरवर नेमकी धरावी लागते, ते अशा बोटीतच जमतं. इंजिन मागे असलेली व्ही-ड्राइव्ह दाखवत असतील तर ती वेकबोर्डसाठी, म्हणजे बोटीच्या लाटेवरून एकाच फळीवर उड्या मारायच्या खेळासाठी, तिची लाट मुद्दाम मोठी असते. आणि तुमच्यापैकी कोणी स्लॅलम करणारच नसेल, मुलांना ट्यूबवर बसवून फिरवायचं असेल, तर सरळ आउटबोर्ड घ्या. काठालाही लागेल आणि सर्व्हिसही सोपी.

आता प्रत्यक्ष बोट. गोव्याची म्हणजे पहिली शंका खाऱ्या पाण्याची. बहुतेक जुन्या स्की बोटींत बाहेरचं पाणी थेट इंजिनाच्या ब्लॉकमधून फिरतं. गोड्या तळ्यात त्याने काही बिघडत नाही. खाडीत वर्षभर चालली असेल तर इंजिनाचा धूर बाहेर नेणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि त्यावरचा रायझर आतून खाल्लेला असतो, वरून रंग ताजा. रायझर खोलून आत बघायला द्या असं सांगा. पाण्याची वाट आणि एक्झॉस्टची वाट यांच्यामधली भिंत पातळ झाली की पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. ऑइलची डिपस्टिक काढून बघा, ताकासारखं पांढुरकं दिसलं तर पुढचं काही बघू नका.

आपल्याकडच्या मेकॅनिकच्या लक्षात न येणारी एक गोष्ट आहे. बोट मूळची थंड देशातली असेल आणि एखाद्या हिवाळ्यात ब्लॉकमधलं पाणी काढायचं राहिलं असेल, तर ते गोठून ब्लॉक तडकतो. मॅनिफोल्डच्या खाली, ब्लॉकच्या दोन्ही कडांना टॉर्च मारून हात फिरवा. आडवी बारीक रेघ, गंजाचा ओघळ किंवा इपॉक्सी थापलेला पट्टा लागला तर सौदा सोडा. पुण्यात कधी इंजिन गोठत नाही, म्हणून इथे तिकडे कोणी बघतच नाही.

सगळ्यात जास्त काळजी मला पुढच्या गोष्टीची वाटते. इंजिन मुळात शेवरलेचं किंवा फोर्डचं गाडीचंच असतं, म्हणून जुना अल्टरनेटर किंवा स्टार्टर गेला की कोणीतरी गाडीचा बसवून देतो. तो फिरतो, चार्जिंगही देतो. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. गाडीत ती खालून निघून जाते, बोटीत ती तळाशी साचून राहते, आणि गाडीच्या स्टार्टरची एक ठिणगी तिला पुरते. मरीन स्टार्टर, अल्टरनेटर आणि डिस्ट्रिब्युटर असे बनवलेले असतात की ठिणगीने बाहेरची वाफ पेटत नाही. पार्टवरचं लेबल वाचा, फोटो काढा. कार्बोरेटरवर एअर फिल्टरऐवजी जाळीचा फ्लेम अरेस्टर हवाच. मेकॅनिकल फ्यूल पंपापासून कार्बोरेटरकडे एक पारदर्शक नळी गेलेली असते. तिच्यात पेट्रोल दिसलं तर पंपाचा आतला पडदा फाटलाय. ती नळी काढून टाकलेली असेल तर हा पंप गाडीचा आहे असं समजा. तळातली वाफ बाहेर फेकणारा ब्लोअर चालतो का, त्याचा पाइप तळापर्यंत पोचतो का, हे बघा आणि स्टार्ट करण्याआधी तो चार मिनिटं चालवायचा नियम तिघांनीही पाळा. यातलं काहीही 'नंतर बदलू' म्हणून सोडू नका. त्याच बोटीत तुमच्या घरची माणसं बसणार आहेत.

तळाशी लांबीभर जाणाऱ्या तुळया, म्हणजे स्ट्रिंगर, जुन्या बऱ्याच बोटींत फायबरने मढवलेल्या लाकडाच्या असतात. इंजिनाचे माउंट त्यातच आवळलेले असतात. पाना लावून तो बोल्ट हलकेच आवळून बघा. पकड येते का, की नुसताच फिरतोय? फिरत असेल तर आतलं लाकूड कुजलंय, आणि ते काम इंजिन बाहेर काढल्याशिवाय होत नाही.

शाफ्टचं काम मात्र घाबरण्यासारखं नाही. जिथे शाफ्ट तळातून बाहेर जातो तिथला ग्लँड शेतीपंपाच्या ग्लँडसारखाच, दोरी भरलेला असतो. चालताना थोडं टपटपणं बरोबर आहे, धार लागणं नाही. पंखा धरून वर-खाली हलवा, खडखडला तर स्ट्रटचं रबरी बेअरिंग गेलंय, ते बदलता येतं. शाफ्ट इंजिनाला जोडणाऱ्या कपलिंगचे बोल्ट सोडून दोन्ही तोंडांमधल्या फटीत फिलर गेज लावा, चहूबाजूंच्या फटीतला फरक ०.०८ मिलिमीटरच्या आत हवा. हे बोट पाण्यात असतानाच मोजा, ट्रेलरवर बोटीचा आकार किंचित बदलतो. शाफ्ट, बेअरिंगची ब्रास बॉडी, पंख्याचं बॅलन्सिंग, सगळं भोसरी-चिंचवडला होतं. इंजिनाचे मरीन पार्ट मात्र बाहेरूनच मागवावे लागतात, तो खर्च किमतीत धरा.

ट्रायल घ्यायला सकाळी जा आणि इंजिन थंड असतानाच हात लावून बघा, आधीच गरम करून ठेवलेलं नको. पूर्ण थ्रॉटलवर ४,४०० ते ४,८०० आरपीएम यायला हवेत, आणि पाच मिनिटं जोरात पळवल्यावर तापमान चढत राहता कामा नये. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, आठही सिलिंडरचं घ्या. आकडा किती यापेक्षा आठही एकमेकांच्या दहा टक्क्यांत आहेत का ते महत्त्वाचं. तासांच्या मीटरवर फार विश्वास ठेवू नका, तो बदलता येतो. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर आहे, त्यामुळे गोव्यात जेमतेम खेचणारं इंजिन इथे आणखी कमी खेचेल.

पेट्रोल तासाला पंधरा-वीस लिटर धरा. सध्याच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला त्या काळचे रबरी पाइप आणि कार्बोरेटरचे पडदे टिकत नाहीत, ते पहिल्या आठवड्यातच बदला. पावसाळ्यात बोट उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवा, नाहीतर इथेनॉल ओल ओढतं आणि पाणी तळाशी बसतं. ट्रेलरला ब्रेक हवेत, घाट उतरायचाय. काठावरच्या चिखलातून बोट वर घ्यायला गावातल्या एखाद्या ट्रॅक्टरवाल्याशी आधीच बोलून ठेवा.

पाण्यात उतरवून दाखवायला विकणारा तयार नसेल तर इसार देऊ नका. आणि जाण्याआधी त्याच्याकडून इंजिनावरच्या पाटीचा फोटो मागवून इथे टाका. यातली काही जुनी इंजिनं उलटी फिरतात, त्यांचा कॅमशाफ्ट, स्टार्टर आणि ऑइल सील वेगळे असतात. पाटी बघितली की पार्ट कोणते शोधायचे ते सांगतो.