इलेक्ट्रिक पिकअप: ताफ्याला कोणती, घराला कोणती

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतला इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टिंगचा धंदा, सहा पेट्रोल पिकअप, त्या हळूहळू इलेक्ट्रिक करायच्या. प्रत्येक गाडीची रोजची धाव ७० ते ९० मैल, अधूनमधून ट्रेलर, हिवाळा कडक. शिवाय मालकाच्या घरासाठी एक वेगळी गाडी. फोर्ड लाइटनिंग, शेवरले सिल्व्हेराडो ईव्ही, रिव्हियन आर१टी आणि टेस्ला सायबरट्रक यांतली कोणती घ्यावी, आणि दोन्हीकडे एकच मॉडेल घेतलं तर सोपं पडेल का?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी: नाही पडणार. ताफ्याचा आणि घरचा हिशेब उलट दिशेने चालतात. ताफ्यातली गाडी ठरलेल्या भागात फिरते आणि रात्री ठरलेल्या जागी उभी राहते. तिथे गरजेपेक्षा मोठी बॅटरी म्हणजे पैसे देऊन विकत घेतलेलं ओझं. घरच्या गाडीला मात्र वर्षातून मोजक्या वेळा लांब जायचं असतं, आणि निवड त्या मोजक्या दिवसांवरच ठरते.

ताफ्यासाठी रेंजच्याही आधी पेलोड बघा, म्हणजे गाडी स्वतःच्या अंगावर किती वजन पेलते ते. ब्रोशरमधला आकडा सोडून द्या. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर जो पिवळा-पांढरा स्टिकर असतो, त्यावरचा आकडा खरा. लाइटनिंगचं कमाल पेलोड २,२३५ पाउंड आहे, पण ते लहान बॅटरीच्या साध्या ट्रिमचं (मॉडेलच्या प्रकाराचं). मोठी बॅटरी, मोठी चाकं, काचेचं छत अशी एकेक भर पडली की तो आकडा खाली येतो.

समजा स्टिकरवर १,८०० पाउंड आहेत. दोन माणसं ४००. शिडीचा रॅक, टूलबॉक्स, वायरची रिळं मिळून ४५०. मागे ७,००० पाउंडांचा ट्रेलर जोडला, तर त्याच्या साधारण १२ टक्के भार हिचवर (गाडीच्या मागच्या जोडणीवर) येतो, म्हणजे ८४०. बेरीज १,६९०. उरले ११० पाउंड. कंड्युटचे (वायरच्या पाइपांचे) दोन भारे टाकले की संपले. तीच गाडी कागदावर १०,००० पाउंड ओढते. पण १०,०००च्या ट्रेलरचा हिचवरचा भारच १,२०० होतो, आणि माणसं-सामान धरलं तर गाडी २५० पाउंडांनी जास्त भरलेली निघते. मागचे टायर आणि आधाराला हवेच्या पिशव्या लावलेलं सस्पेन्शन हे दोन्ही मुकाट्याने सोसतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. अपघात झाल्यावर विमा कंपनीच्या येतं.

याच्याशीच जोडलेली दुसरी गोष्ट. गाडीचं किंवा गाडी-ट्रेलर जोडीचं ठरवून दिलेलं कमाल वजन १०,००१ पाउंड किंवा जास्त असेल आणि काम राज्याबाहेर जात असेल, तर केंद्राचे व्यावसायिक वाहनांचे नियम लागू होतात: यूएसडॉट नंबर (परिवहन खात्याकडची नोंदणी), ड्रायव्हरचं वैद्यकीय प्रमाणपत्र, तपासणीच्या नोंदी. पेट्रोल पिकअपला ट्रेलर जोडला तरीही हे लागू होतंच, पण इलेक्ट्रिक गाडी मुळातच जड असल्यामुळे ती रेषा लवकर ओलांडली जाते. जीएमसीची हमर ईव्ही तर ट्रेलरशिवायच १०,०००च्या वर आहे. राज्यांतर्गत कामाचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे असतात, ते तपासून घ्या.

आता गाड्या. तुमच्या कामाला मी लाइटनिंग प्रो म्हणेन, लहान बॅटरीची, ९८ किलोवॅट-तासांची. ईपीए या सरकारी संस्थेच्या हिशेबाने रेंज २३० ते २४० मैल. कारण साधं आहे: तिचा हौदा हा फोर्डच्या साध्या एफ-१५० पिकअपचा साडेपाच फुटी हौदा आहे. रॅक, कॅप, टूलबॉक्स, बेडलाइनर असं बाजारात जे मिळतं ते बसतं, आणि ठोकर लागली तर बॉडीचे बरेचसे भाग नेहमीचेच. पुढच्या बॉनेटखाली १४ घनफुटांची कुलूपबंद जागा आहे. मीटर आणि महागडी ड्रिल तिथे ठेवता येतात. रॅक लावणाऱ्याला एक ताकीद मात्र द्या. हौद्याखाली बॅटरी आणि नारिंगी हाय-व्होल्टेज केबल असतात, त्यामुळे फोर्डच्या बॉडी-बिल्डर मार्गदर्शिकेत दाखवलेल्या जागा सोडून कुठेही भोक पाडायचं नाही.

लाइटनिंगची अडचण अशी की फोर्डने डिसेंबर २०२५ मध्ये हे पूर्ण इलेक्ट्रिक रूप थांबवून पुढची लाइटनिंग जनरेटर असलेली करायचं जाहीर केलं. रॅम कंपनीने तर आपली १५०० ही पिकअप पूर्ण इलेक्ट्रिक करायची योजना त्याआधीच रद्द केली होती. म्हणजे तुम्ही शिल्लक नवी किंवा वापरलेली गाडी घेणार. सुटे भाग लगेच बंद होत नाहीत, पण सहा गाड्या एकदम घ्यायच्या नसतील तर पुढच्या तीन वर्षांत तशीच गाडी मिळेल असं धरून चालू नका.

सिल्व्हेराडो ईव्हीची वर्क ट्रक ही ट्रिम लांब पल्ल्याच्या कामासाठी आहे. सर्वांत मोठ्या बॅटरीत २०२५च्या मॉडेलची ईपीए रेंज ४९२ मैल, आणि ३५० किलोवॅटपर्यंतचं फास्ट चार्जिंग. ही रेंज २०० किलोवॅट-तासांहून मोठ्या बॅटरीतून येते आणि गाडी ८,००० पाउंडांच्या घरात जाते. ज्या गाडीला दिवसाला १८०-२०० मैल ट्रेलरसकट जायचं आहे, तिच्यासाठी दुसरा पर्याय नाही. ९० मैलांच्या फेरीला ही घेणं म्हणजे पैशांची नासाडी. केबिनची मागची भिंत आडवी दुमडून दहा फुटी कंड्युट आत सरकवता येते ती मिडगेटची सोय वरच्या ट्रिममध्ये आहे, वर्क ट्रकमध्ये नाही. बरेच जण तेच बघून चौकशी करतात आणि मग हिरमुसतात. गॅरेजवाल्याची दोन खांबी लिफ्ट किती वजनाची आहे तेही विचारा. ९,००० पाउंडांच्या लिफ्टवर ही गाडी हत्यारांसकट चढवणं म्हणजे अगदी काठावरचं काम.

सायबरट्रक ताफ्यात नको. २,५०० पाउंडांचं पेलोड आणि सहा फुटी हौदा कागदावर छान दिसतात, पण हौद्याच्या उतरत्या भिंतींमुळे बाजूने हात घालून सामान काढता येत नाही आणि नेहमीचे शिडीचे रॅक बसत नाहीत. मार्च २०२५ मध्ये छताच्या कडेची स्टीलची पट्टी निसटते म्हणून तोवर विकलेल्या जवळपास सगळ्याच, ४६,००० गाड्या परत बोलावल्या होत्या.

रेंजचा हिशेब हिवाळ्याचा करा, उन्हाळ्याचा नको. लाइटनिंगला भिंतीतून घेतलेली वीज धरून १०० मैलांना साधारण ४८-५० किलोवॅट-तास लागतात, म्हणजे ९० मैलांना ४५. कडाक्याच्या थंडीत, दर वीस मिनिटांनी दार उघडणाऱ्या कामावर, तेच ६० धरा. ९८च्या बॅटरीत हे आरामात बसतं. ट्रेलर जोडला की निम्मी रेंज धरा. यात वजनापेक्षा ट्रेलरचा उभा पुढचा भाग जास्त खातो. तेवढ्याच वजनाचा सपाट ट्रेलर पेटीसारख्या बंद ट्रेलरपेक्षा बराच कमी घेतो, आणि ताशी ७५ऐवजी ६५ मैलांच्या वेगाने गेलं तर फरक लगेच दिसतो. थंडी आणि बंद ट्रेलर एकाच दिवशी आले तर लहान बॅटरीची लाइटनिंग ९० मैलांना पुरेल असं गृहीत धरू नका. सहापैकी एक-दोन गाड्या १३१ किलोवॅट-तासांच्या घ्या आणि ट्रेलरची कामं त्यांनाच द्या.

खरा पैसा आणि खरी डोकेदुखी यार्डातल्या चार्जिंगमध्ये आहे. तुम्ही स्वतः याच धंद्यातले, त्यामुळे १२५ टक्क्यांचा नियम (ब्रेकर चार्जरच्या अँपच्या सव्वापट) सांगायला नको: ४८ अँपच्या चार्जरला ६० अँपचा ब्रेकर. पण व्यावसायिक जागेत थ्री-फेजवर २४० नव्हे, २०८ व्होल्ट मिळतात. म्हणजे जो चार्जर घरी ११.५ किलोवॅट देतो तो यार्डात १०च देईल. सहा गाड्या संध्याकाळी सहाला परत आल्या आणि सगळ्या एकदम लावल्या, तर ६० किलोवॅटचा भार तत्क्षणी चढतो. वीज कंपनी महिन्याचा डिमांड चार्ज (कमाल भारावरचं शुल्क) बहुधा सर्वांत चढ्या १५ मिनिटांवर लावते. एका संध्याकाळची ती पंधरा मिनिटं महिनाभर बिलात राहतात.

प्रत्यक्षात गरज किती? हिवाळ्यात सहा गाड्यांचे मिळून ३६० किलोवॅट-तास, संध्याकाळी सहा ते सकाळी सहा बारा तास, म्हणजे सरासरी ३० किलोवॅट. भार वाटून देणारे चार्जर घ्या आणि मर्यादा ३५ वर बांधा. एनईसी या विद्युत संहितेच्या कलम ६२५ प्रमाणे अशी व्यवस्था असेल तर फीडरही (चार्जरांना वीज आणणारी मुख्य केबलही) त्या मर्यादेप्रमाणे काढता येतो, सगळ्या चार्जरच्या बेरजेप्रमाणे नाही. ट्रान्सफॉर्मर बदलायला लागणारे महिने अनेकदा यातूनच वाचतात. खंदक खणताना मात्र पाइप दुप्पट टाका. माती एकदाच उपसायची.

नेमा १४-५० या ५० अँपच्या सॉकेटवर रोज चार्जिंग करू नका, ना यार्डात ना घरी. स्वस्त सॉकेट शेगडीसाठी बनवलेलं असतं. त्यावर दहा-दहा तास ४० अँप चालले की आतले संपर्क तापून सैल पडतात आणि प्लास्टिक वितळतं. शिवाय सॉकेटला जीएफसीआय (गळती होताच वीज तोडणारा) ब्रेकर लागतो आणि चार्जरमध्ये स्वतःचं गळती-संरक्षण असतं. दोन्ही एकमेकांशी भांडून रात्री ट्रिप होतात आणि सकाळी गाडी रिकामी. थेट वायर जोडा, टर्मिनल टॉर्क स्क्रूड्रायव्हरने आवळा.

साइटवर वीज पुरवण्यात लाइटनिंग उजवी आहे. प्रोमध्ये २.४ किलोवॅट मुळातच येतात, ९.६चा पर्याय आहे आणि त्यात २४० व्होल्टचं सॉकेट मिळतं. त्या सॉकेटवरून एखाद्या इमारतीच्या इनलेटला वीज दिली की गाडीचा जीएफसीआय ट्रिप होतो अशी तक्रार नेहमी येते. गाडीत दोष नसतो: पॅनेलमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडलेले असतात, म्हणून न्यूट्रलही तोडणारा ट्रान्सफर स्विच हवा.

देखभाल कमी आहे, शून्य नाही. वजनामुळे टायर लवकर झिजतात. ५,००० ते ७,५०० मैलांवर पुढच्या-मागच्या टायरांच्या जागा बदला आणि नवे घेताना लोड इंडेक्स (वजन पेलण्याचा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका. मोटरच ब्रेक लावत असल्याने पॅड वर्षानुवर्षं टिकतात, पण रस्त्यावर मीठ टाकतात तिथे कॅलिपरच्या पिना न वापरल्यानेच गंजून अडकतात. वर्षातून एकदा उघडून साफ करून ग्रीस. १२ व्होल्टची छोटी बॅटरीही विसरू नका. ताफ्याचा माग ठेवणारं यंत्र ओबीडीत (गाडीच्या निदानाच्या सॉकेटमध्ये) लावलं की ते गाडीला झोपू देत नाही, आणि सोमवारी सकाळी शंभर किलोवॅट-तास पोटात असलेली गाडी दारही उघडत नाही. जंप-स्टार्टर ठेवा, आणि शक्य असेल तिथे कारखान्यातून आलेलं टेलिमॅटिक्सच वापरा.

कराबद्दल दोनच गोष्टी. ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाड्यांना केंद्राची इलेक्ट्रिक वाहनांची सवलत नाही, ना घरच्या ना धंद्याच्या, ना वापरलेल्या. आणि आयकराच्या कलम १७९मध्ये (गाडीची किंमत पहिल्याच वर्षी खर्चात धरण्याची सोय) सहा फुटांपेक्षा आखूड हौद्याच्या जड पिकअपला एसयूव्हीची मर्यादा लागते. लाइटनिंग साडेपाच फूट, सिल्व्हेराडो ईव्ही ५ फूट ११ इंच, म्हणजे एका इंचाने! बोनस घसारा पुन्हा १०० टक्के झाल्याने आता फारसं बिघडत नाही, पण सीपीएला (कर सल्लागाराला) हौद्याची लांबी सांगा.

घरच्या गाडीला आर१टी. हौदा साडेचार फूट, कामाला आखूड. पण केबिनमागचा आरपार बोगदा, उंची बदलणारं एअर सस्पेन्शन आणि बर्फात चारही चाकांवरचा ताबा रोजच्या आणि सुट्टीच्या वापराला इतर तिघींपेक्षा सरस. ओढते ११,००० पाउंड. लांब जाणं क्वचित असेल तर एलएफपी (लोह-फॉस्फेट) बॅटरीची स्टँडर्ड घ्या; ती बिनधास्त १०० टक्के भरता येते, बाकी बॅटऱ्या रोज ८०पर्यंतच भराव्यात. दोन गोष्टी माहीत असू द्या. मागच्या बाजूचा पत्रा छताच्या पुढच्या खांबापर्यंत अखंड आहे, त्यामुळे हौद्याला बसलेली साधी ठोकर प्रचंड महाग पडते. गाडी बुक करायच्या आधी विम्याचा दर विचारा. आणि सर्व्हिस सेंटर दोन तासांवर असेल तर हाच विचार बाजूला ठेवून १३१ची लाइटनिंग बघा. घरात वीज गेल्यावर तिचा फायदा तसाही मोठा आहे.

प्रवासात ट्रेलर असेल तर चार्जर निवडताना गाडीचा पोर्ट कुठे आहे ते लक्षात घ्या. लाइटनिंग आणि आर१टीचा डावीकडे पुढे, सिल्व्हेराडो आणि सायबरट्रकचा डावीकडे मागे. टेस्लाच्या सुपरचार्जरच्या आखूड केबल मागच्या डाव्या पोर्टसाठी बनलेल्या आहेत, म्हणून लाइटनिंगला अनेकदा दोन जागा अडवाव्या लागतात. ट्रेलर सोडावा लागणार नाही अशी आरपार जागा असलेली ठिकाणं निघायच्या आधीच नकाशावर शोधा.

वापरलेली लाइटनिंग घेताना बॅटरीवरची ८ वर्षं किंवा १,००,००० मैलांची वॉरंटी किती उरली ते बघा आणि परत बोलावण्याची कामं झालीत का ते व्हीआयएनवरून (गाडीच्या ओळख क्रमांकावरून) तपासा. मग ती १५ टक्क्यांवर आणून दमदार फास्ट चार्जरला लावा. बॅटरी गरम असताना ८० टक्क्यांपर्यंत ४० ते ४५ मिनिटं लागायला हवीत. तासाच्या पुढे गेलं तर आधी दुसरा चार्जर वापरून बघा, आणि तिथेही तेच झालं तर ती गाडी सोडा.